विषय : टेबलफॅनने मान हलवणे बंद केल्याबाबत

मागच्या खिशात कायम पक्कड खोचलेली असायची, म्हणून गल्लीने त्यांचं नाव पक्कडराव ठेवलं. ते नाव इतकं चिकटलं की बायकोसुद्धा रागावली की त्याच नावाने हाक मारायची. मिक्सर, इस्त्री, पंखा, गिझर, वॉशिंग मशीन, विजेवर चालणारं जे जे म्हणून घरात रुसून बसतं, त्या सगळ्यांची समजूत काढण्याचं त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दारात काउंटर, काउंटरमागे उंच स्टूल, भिंतींना फळ्या आणि फळ्यांवर पोट उघडून पडलेली यंत्रं. मधल्या दाराला पडदा. पडद्यापलीकडे स्वयंपाकघर आणि त्याला लागून सासऱ्यांची खोली.

माणूस हाताचा पक्का. इस्त्री कानाशी धरून नुसती हलवली की आत काय सुटलंय ते सांगायचे. बोलणं मात्र मोजकं. गिऱ्हाईक यायचं, विचारायचं, "झालं का?" पक्कडराव म्हणायचे, "झालं." "चालेल ना?" "चालेल." की गिऱ्हाईक वस्तू बगलेत मारून चालू पडायचं. बिघडलेली वस्तू घेऊन येताना लोक कळवळून बोलत, पण दुरुस्त झालेली नेताना त्यांना घरी जायची घाई असे. पक्कडरावांची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. निदान तसं त्यांना वाटत होतं.

झालं असं, की एका वॉशिंग मशीनच्या आतल्या वायरिंगचा नकाशा त्यांना कुठे मिळेना. म्हणून त्यांनी एक जुना कॉम्प्युटर घेतला आणि काउंटरच्या कोपऱ्यात बसवला. नकाशा शोधता शोधता ते एका वेबसाइटवर जाऊन पोचले. तिथे लोक आपापल्या मोडक्या वस्तूंची गाऱ्हाणी मांडत आणि कुणी ना कुणी उत्तर देई. एका बाईने लिहिलं होतं, मिक्सरची मोटर फिरते पण भांड्यातलं पातं फिरत नाही. खाली पाच-सहा शहाण्यांनी तिला नवा मिक्सर घ्यायचा सल्ला दिला होता. पक्कडरावांना काही राहवेना. दोन बोटांनी एकेक अक्षर वेचत त्यांनी उत्तर लिहिलं : भांडं काढा, खालचा रबरी कपलर बघा, त्याचे दात झिजले असतील, नवा बसवा, मिक्सर चांगला आहे. नाव विचारलं गेलं तेव्हा जरा विचार केला आणि 'वस्ताद' असं टाकून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं. 'वस्ताद, तुमच्या हाताला यश आहे! मिक्सर फिरला. घरात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.' आणि नावापुढे एक हिरवा तारा उगवला होता. त्या ताऱ्याकडे पक्कडराव हातातला चहा गार होईपर्यंत बघत बसले.

तिथून जी गाडी सुटली ती सुटली. आधी दुपारी जेवणानंतर थोडा वेळ, मग दुकान उघडताना, मग बंद करताना, मग मधेमधे. कॉम्प्युटर पुरेना म्हणून तेच सगळं फोनवर घेतलं. ताऱ्यांची संख्या वाढली की वेबसाइट पदवी द्यायची. पक्कडराव 'होतकरू'चे 'जाणकार' झाले, जाणकारचे 'अनुभवी' झाले आणि शेवटी 'महागुरू' झाले, तेव्हा त्यांनी आरशात बघून भांगसुद्धा नीट पाडला. कुणाचा गिझर, कुणाचा टोस्टर, कुणाच्या दाराची घंटा. सगळ्यांना वस्ताद हवे होते आणि वस्ताद सगळ्यांना हवे तेव्हा हजर होते.

हजर नव्हते ते फक्त पक्कडराव. फळ्यांवरची यंत्रं पोट उघडं टाकून तशीच पडून राहिली. समोरच्या लाँड्रीवाल्या काकूंची मोठी इस्त्री 'उद्या देतो'च्या वायद्यावर इतकी पडून राहिली, की एके दिवशी काकू काउंटरवर मूठ आपटून म्हणाल्या, "अहो, तुमच्या उद्या-उद्यापायी माझी गिऱ्हाइकं चुरगळलेली हिंडायला लागली! लोक विचारतात, काकू, लाँड्री बंद केली की काय?"

"आज नक्की," पक्कडराव म्हणाले. काकूंची पाठ वळायच्या आत त्यांची नजर पुन्हा स्क्रीनवर गेली होती.

घरात तर त्याहून मजा. त्यांची बायको रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. दिवसभर लोकांना सुया टोचून आली, तरी घरी नवऱ्यासाठी तिच्याकडे एखादी शिल्लक असायची. जेवताना फोन मिठाच्या बरणीला टेकवून ठेवलेला बघून ती म्हणाली, "अहो पक्कडराव, काल मी तुम्हाला विचारलं, येताना भाजी कुठली आणू. तुम्ही काय म्हणालात माहीत आहे?"

"काय?"

"म्हणालात, आधी फ्यूज तपासा."

सासरे हसले. पक्कडरावही हसले, पण डोळे फोनवरच ठेवून. मग जरा दुखावल्यासारखे म्हणाले, "मी काय पत्ते कुटतोय का? लोकांच्या अडीअडचणीला उपयोगी पडतोय. फुकट."

यावर बोलायची सोय नव्हती, आणि खरी पंचाईत तीच होती. माणूस जुगार खेळत असता तर चार शब्द सुनावता आले असते. परोपकार करणाऱ्याला काय सुनावणार? पक्कडराव स्वतःलाही तेच सांगत आणि पटवून घेत. मात्र फोन चार्जिंगला लावून बाजूला ठेवला की त्यांच्या हाताला चैन पडत नसे. खिसा चाचपून बघत. नवा तारा आलाय का, एवढंच बघायचं, असं म्हणून उठत आणि तासाभराने परत येत.

सासरे पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात हेडक्लार्क होते. निवृत्त झाले, पुढे सासूबाई गेल्या, तेव्हा लेकीने त्यांना आपल्याकडे आणलं. अतिशय भिडस्त माणूस. आपल्यामुळे कुणाला त्रास नको, हे त्यांचं पहिलं आणि शेवटचं धोरण. नोकरी सुटली, पण नोकरीची भाषा सुटली नव्हती. दूध उतू गेलं तरी ते "सदर दूध" म्हणत. लेकीने त्यांना वर्तमानपत्र वाचायला एक टॅबलेट घेऊन दिला होता. बोट लावलं की अक्षर मोठं होतं, यावर ते फार खूश होते.

त्यांच्या खोलीत एक टेबलफॅन होता. त्याने मान हलवणं सोडलं. एकाच दिशेला तोंड करून बसायचा. सासऱ्यांकडे वळवून ठेवला की वारा थेट छातीवर येई आणि त्यांना खोकला लागे. कपाटाकडे वळवला की कपाट गार आणि सासरे घामाघूम. त्यांना हवा होता तो येऊन-जाऊन असणारा वारा. ते दोन-तीनदा पडद्याशी आले. "जावईबापू, घाई मुळीच नाही, पण सवड झाली की तेवढा आमचा पंखा..."

"बघतो बाबा, बघतो," पक्कडराव म्हणायचे. तेवढ्यात कुणाचा तरी फ्रीज गळायला लागलेला असायचा, कुठल्या तरी लांबच्या गावात.

मग एके दुपारी वस्तादांपुढे एक नवा प्रश्न आला. तो वाचून पक्कडरावांना गंमत वाटली.

'विषय : टेबलफॅनने मान हलवणे बंद केल्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, माझ्या वापरातील टेबलफॅन एकाच दिशेस तोंड करून बसतो. घरातील संबंधित व्यक्ती अत्यंत कार्यव्यग्र असल्याने त्यांस तसदी देणे प्रशस्त वाटत नाही. तरी योग्य ते मार्गदर्शन व्हावे, ही विनंती. आपला विश्वासू, ज्येष्ठ नागरिक.'

आता कुणी म्हणेल, या माणसाच्या डोक्यात प्रकाश कसा पडला नाही? पण एक तर इंटरनेटवर निवृत्त कारकुनांची काही वानवा नाही. दुसरं म्हणजे सासऱ्यांनी पंख्याबद्दल जे सांगितलं होतं, ते पक्कडरावांच्या एका कानातून शिरून दुसऱ्यातून केव्हाच निघून गेलं होतं. त्यांना त्या अनोळखी म्हाताऱ्याची दया आली. घरातल्या लोकांचा थोडा रागही आला. काय माणसं असतात, घरातल्या वडीलधाऱ्याचा एक पंखा बघवत नाही!

त्यांनी फार मायेने उत्तर लिहिलं. 'आजोबा, काळजी करू नका. मोटरच्या वर एक खुंटी असते, ती खाली दाबून बघा.' आजोबांनी दाबली, उपयोग झाला नाही. 'पंखा चालू असताना मागून करकर आवाज येतो का?' येत होता. 'वारा अंगावर येऊन खोकला होत असेल, तर तूर्त पंखा पायाशी ठेवा.' आजोबांनी ठेवला आणि कळवलं की 'आपल्या सूचनेची अंमलबजावणी केली असून प्रकृतीस उतार आहे.' असा त्यांचा पत्रव्यवहार दोन-चार दिवस चालला.

एकदा जेवताना सासरे म्हणाले, "इंटरनेटवर मला एक देवमाणूस भेटलाय. ओळख ना देख, पण रोज माझ्या खोकल्याची चौकशी करतो."

"हं," पक्कडराव म्हणाले. ते फोनवर त्याच आजोबांना खोकल्याचं विचारत होते.

शनिवारी दुपारी वस्तादांनी शेवटची सूचना लिहिली. 'आजोबा, बहुतेक आतलं छोटं दातेरी चाक झिजलंय. प्लग काढा. मोटरच्या मागचं झाकण एका स्क्रूवर असतं, ते सोडवा. आत अंधार असतो, म्हणून घरातल्या कुणाला तरी टॉर्च धरायला सांगा. एकट्याने करू नका.' बटण दाबलं आणि ते उत्तराची वाट बघत बसले.

पडदा हलला. सासरे टॉर्च घेऊन उभे होते. "जावईबापू, जरा मोकळे आहात का? हा टॉर्च धरायला..."

"आत्ता नको हो बाबा," पक्कडराव स्क्रीनकडेच बघत म्हणाले. "एका म्हाताऱ्या माणसाचा पंखा अडकलाय. बिचारा वाट बघत बसला असेल."

"असं का?" सासरे अगदी मनापासून म्हणाले. "मग त्यांचं आधी बघा. माझं काही अडलेलं नाही."

पडदा खाली पडला. थोड्याच वेळात कॉम्प्युटर टिणकन वाजला.

'महोदय, आपल्या सूचनेनुसार टॉर्चधारकाचा शोध घेतला असता, घरात कोणीही उपलब्ध नसल्याचे निदर्शनास आले. घरातील संबंधित व्यक्ती अन्य एका वृद्ध गृहस्थांच्या पंख्यात गुंतलेली आहे. तरी टॉर्च दातांत धरून काम करण्यास परवानगी मिळावी, ही विनंती.'

पक्कडरावांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. मान वर करून पडद्याकडे बघितलं. आणि ते असे काही उठले की स्टूल मागच्या मागे कोसळलं.

सासऱ्यांच्या खोलीत सासरे पलंगावर पंखा मांडीवर घेऊन बसले होते. टॅबलेट उशीला टेकवलेला, म्हणजे परवानगी आली की लगेच दिसावी. टॉर्च दातांत धरून चालतो का, याची ते नुसती रंगीत तालीम करत होते.

पक्कडरावांनी त्यांच्या तोंडातला टॉर्च हलकेच काढून घेतला. "परवानगी नाही," ते म्हणाले.

"कोणाची?"

"वस्तादांची."

सासरे त्यांच्याकडे बघत राहिले. मग टॅबलेटकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. हळूहळू त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे ते... तुम्ही? अहो, काय सांगता! मी रोज मनात म्हणत होतो, कोण असेल हा भला माणूस!"

त्यांनी एका शब्दाने बोल लावला असता तर पक्कडरावांना बरं वाटलं असतं. पण सासरे नुसते हरखून गेले होते. देवमाणूस घरातच निघाला याचा त्यांना इतका आनंद झाला, की जावयाला तोंड कुठे लपवावं ते कळेना. नुकतीच लॅबमधून परतलेली बायको आवाज ऐकून दाराशी आली होती. तिने टॅबलेट उचलला, सगळा पत्रव्यवहार वाचला आणि हसत हसत पलंगाच्या कडेवर बसलीच. हसू ओसरल्यावर म्हणाली, "माझ्या बाबांना पडद्याच्या पलीकडच्या जावयाशी बोलायला इंटरनेटवरून जावं लागलं. आणि तुम्हीही त्यांच्या खोकल्याची चौकशी तिथूनच केलीत."

पक्कडराव उठून दुकानात गेले. दुकानाच्या खणात ते दातेरी चाक होतंच. चहा उकळायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात पंखा मान हलवायला लागला. सासऱ्यांकडे, लेकीकडे, जावयाकडे, पुन्हा सासऱ्यांकडे.

त्याच संध्याकाळी पक्कडरावांनी कॉम्प्युटरची वायर काढली, फोनवरूनही ती वेबसाइट काढून टाकली आणि जाहीर केलं, "संपलं. आजपासून बंद."

बंद म्हणणं सोपं होतं. सोमवारी त्यांनी बंद कॉम्प्युटरची काच पुसली. मंगळवारी पुन्हा पुसली, आणि जरा सरळ करून ठेवला. लाँड्रीवाल्या काकू इस्त्री कधी देता म्हणाल्या तर त्यांच्यावर खेकसले, मग त्यांच्यामागे रस्त्यापर्यंत माफी मागत गेले. हात सारखा खिशाकडे जायचा. काहीतरी राहून गेलंय, कुठेतरी कुणीतरी आपल्याला हाका मारतंय, असं वाटत राहायचं. स्वतःच्या या अवस्थेचं त्यांना नवल वाटलं. आपण लोकांसाठी करत होतो ना? मग लोकांचं काही अडलेलं दिसत नाही, आपलंच का अडतंय?

शुक्रवारी सासरे चहाच्या वेळी गंभीर चेहऱ्याने बाहेर आले. "जावईबापू, एक चमत्कारिक बाब निदर्शनास आली आहे. काल दुपारी मी कुणाला तरी गिझरबद्दल सल्ला दिला म्हणे. आज त्यांचे आभार आलेत, वर एक हिरवा तारा. मला तर गिझरमधलं ओ की ठो कळत नाही."

बायकोने कपाच्या कडेवरून नवऱ्याकडे बघितलं. हवामान बघतो म्हणून पक्कडरावांनी आदल्या दिवशी टॅबलेट मागून नेला होता.

"आणि भाषाही माझी वापरली आहे," सासरे पुढे म्हणाले. "'सदर गिझर' लिहिलंय. जमलंय मात्र छान."

मग तिघेही हसले. हसता हसता पक्कडरावांनी कप खाली ठेवला आणि पहिल्यांदाच म्हणाले, "मला सुटत नाहीये हो. सोडायचंय, पण सुटत नाहीये."

बायकोने लॅबमध्ये लोकांना विचारते त्याच आवाजात विचारायला सुरुवात केली. "कधी होतं? रिकाम्या पोटी की जेवल्यावर?"

"चेष्टा करू नकोस."

"चेष्टा नाही करत. आमच्याकडे माणूस आला की आधी कधी होतं ते विचारतात, औषधाचं नंतर. हात फोनकडे जातो, त्याच्या अगदी आधी काय झालेलं असतं? बघा जरा चार दिवस. सोडू नका, नुसतं बघा."

पक्कडरावांनी बघितलं. बिघाड शोधायची सवय हाताला होतीच, ती फक्त स्वतःकडे वळवायची होती. पहिल्याच दिवशी त्यांच्या लक्षात आलं, की गिऱ्हाईक काही न बोलता वस्तू घेऊन गेलं की हात खिशाकडे जातो. हे एक. पण दुसरं जास्त मोठं होतं. दुकानाच्या कोपऱ्यात एक वॉशिंग मशीन उभं होतं, ज्याच्या नकाशासाठी हे सगळं सुरू झालं ते. कपडे पिळायला लागलं की ते थडथडत खोलीभर चालत सुटायचं. पक्कडरावांनी त्यात सगळं बदलून पाहिलं होतं, काही केल्या दोष सापडत नव्हता. त्या मशीनकडे नजर गेली, की पाठोपाठ हात फोनकडे जायचाच.

रात्रीच्या जेवणाला त्यांनी हे सांगितलं. "तिथे मला सगळं येतं. लोक विचारतात, मी सांगतो, ते वाहवा करतात. इथे ते मशीन माझ्याकडे बघतं आणि मला काहीच येत नाही असं वाटायला लागतं."

"म्हणजे मशीनला घाबरता."

"घाबरत नाही. टाळतो."

"सुईला घाबरणारे पण असंच म्हणतात," बायको म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "खरं सांगू का, मी तरी तुम्हाला कधी शाबास म्हटलं? गिझर चालतो, मिक्सर चालतो, मला वाटतं ते आपोआपच चालतात. पण मलाही कोण म्हणतं हो? मी इतकी अलगद सुई टोचते, आणि लोक तोंड फिरवून बसलेले असतात."

"तू खरंच अलगद टोचतेस," पक्कडराव म्हणाले. "मला एकदा टोचली होतीस, कळलंसुद्धा नव्हतं."

"बघा! आणि हे सांगायला तुम्हाला आजचा दिवस उजाडावा लागला."

सासऱ्यांनी घसा खाकरला. "हेडक्लार्क होईपर्यंतची नोकरी मी पाणीबिलाच्या खिडकीवर काढली," ते म्हणाले. "सुरुवातीला मला वाटायचं, बाहेर रांग आहे, खिडकी कशी बंद करू? जेवण तसंच राहायचं. मग आमचे साहेब म्हणाले, वेळ झाली की खिडकी बंद करायची, रांग असली तरी. पहिल्या दिवशी जीव तुटला हो. पण दुसऱ्या दिवशी तीच माणसं परत आली. जी आली नाहीत त्यांचं काम दुसऱ्या खिडकीवर झालं. पाणी कुणाचंच बंद पडलं नाही."

असा त्यांच्याकडे खिडकीचा नियम सुरू झाला. कॉम्प्युटर दुकानातून उठला आणि सासऱ्यांच्या खोलीत गेला. त्याचा पासवर्ड सासऱ्यांनी ठेवला आणि तो त्यांनी लेकीलाही सांगितला नाही, कारण 'बाब गोपनीय' होती. दुपारचं जेवण झालं की वस्तादांची खिडकी उघडायची, चहा ठेवला की बंद. दुकानात काम चालू असताना फोन बायकोच्या शिवणाच्या डब्यात. कुणाला तातडीने बोलायचं असेल तर गल्लीत कुणीही हाक मारू शकत होतं, आणि मारतही होतं.

पहिले काही दिवस पक्कडराव चहाचं भांडं बघितलं की लहान मुलासारखे म्हणायचे, "एकच उत्तर राहिलंय." सासरे शांतपणे म्हणायचे, "उद्या या." एकदा तर पक्कडराव खरोखरच चिडले. पंख्यासमोर बसलेल्या सासऱ्यांना म्हणाले, "बाबा, तो माणूस अंधारात बसलाय तिथे!" सासरे म्हणाले, "मेणबत्ती लावेल." दुसऱ्या दिवशी खिडकी उघडली तेव्हा त्या माणसाला दुसऱ्याच कुणीतरी उत्तर दिलेलं होतं. बरोबर दिलं होतं. पक्कडरावांपेक्षा सोपं करून सांगितलं होतं. पक्कडरावांनी चूक शोधायला ते दोनदा वाचलं. चूक सापडली नाही, तेव्हा त्यांना इतकं हलकं वाटलं, की त्यांनी स्वतः त्या उत्तराला एक तारा दिला.

महिनाअखेरीस वेबसाइटने त्यांना महागुरूवरून पुन्हा जाणकार केलं. सासरे म्हणाले, "पदावनती माझीही एकदा झाली होती. खुर्ची तीच राहिली, फक्त उशी काढून घेतली."

आणि ते वॉशिंग मशीन? एका सकाळी पक्कडरावांनी ते खोलीच्या मधोमध ओढलं आणि समोर स्टूल टाकून बसले. हात दोनदा खिशाकडे गेला. खिशात पक्कडच होती. तिसऱ्यांदा तो हात त्यांनी मशीनच्या आत घातला आणि डोळे मिटून, नकाशा-बिकाशा विसरून, एकेक भाग चाचपत गेले. टबाला खाली एक जड वजन बांधलेलं असतं, मशीन फिरताना स्थिर राहावं म्हणून. त्याचा एक बोल्ट वरून घट्ट दिसत होता, पण आतून त्याचा आटा गेला होता. बोटाखाली तो किंचित सरकला. इतकासाच.

"अगं ए! बाबा! इकडे या!" पक्कडराव असे ओरडले की समोरून लाँड्रीवाल्या काकूही धावत आल्या. नवा बोल्ट बसला, मशीन सुरू झालं, टब गरगरायला लागला. बायकोने पाण्याने काठोकाठ भरलेला पेला आणून मशीनवर ठेवला. चौघं श्वास रोखून बघत राहिले. पेल्यातल्या पाण्यावर बारीक तरंग उठत होते, पण थेंब काही सांडला नाही. सासऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकू म्हणाल्या, "मशीन झालं, आता माझी इस्त्री!" आणि इस्त्री त्यांना त्याच दिवशी मिळाली.

सगळं कायमचं सुरळीत झालं असं नाही. एखाद्या उदास दुपारी हात अजून भटकतो. लांबचे पाहुणे आले आणि त्यांचा फोन टेबलावर पडलेला असला, तर पक्कडराव त्याच्याकडे पथ्यावरचा माणूस दुसऱ्याच्या ताटाकडे बघतो तसे बघतात. पण आता आपल्याला काय होतंय ते त्यांना कळतं. कळलं की ते बायकोला सांगतात, आणि सांगितलं की अर्धं उतरतं.

परवाच्या सुट्टीला पक्कडराव आपण होऊन म्हणाले, कुठेतरी जाऊ या. तिघेही गावाबाहेरच्या तळ्यावर गेले. तिथे पायांनी चालवायच्या होड्या मिळतात. सासऱ्यांनी सुकाणू मागून घेतलं, पक्कडराव आणि बायको पायडलवर बसले. होडी काठापासून सुटली, तशी बायकोने नवऱ्याचा दंड गच्च धरला. इतका गच्च की पक्कडरावांनी पाय थांबवून तिच्याकडे बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"तुला पाण्याची भीती वाटते?"

"लहानपणापासून."

"मला माहीतच नव्हतं. मग आलीस कशाला?"

"तुम्ही पहिल्यांदाच आपण होऊन कुठे जाऊ या म्हणालात. मी नाही कशी म्हणू? आता बडबड करू नका, पाय मारा. आणि सारखं बोलत राहा माझ्याशी."

"बडबड करू नको की बोलत राहू?"

"बोलत राहा."

मग पक्कडराव बोलत राहिले. तळ्याच्या पलीकडची झाडं, काठावर वाळत घातलेले कपडे, ढगांचे आकार, जे दिसेल त्याबद्दल. एवढं एका दमात ते आयुष्यात कधी बोलले नव्हते. सासरे इतक्या मन लावून ऐकत होते की सुकाणू एकाच बाजूला धरून बसले, आणि होडी तळ्याच्या मध्यभागी गोल गोल फिरायला लागली. काठावरून होडीवाला हातवारे करत ओरडला, "अहो, सरळ जा! सरळ!"

"त्यांचं म्हणणं काय आहे?" सासऱ्यांनी विचारलं.

"बाबा, सुकाणू सोडा!" बायको किंचाळली. तिने नवऱ्याचा दंड सोडला, अर्धी उठली, होडी डुचमळली तशी मटकन बसली आणि बसल्या बसल्याच हात लांबवून सुकाणू दुसऱ्या बाजूला ढकललं. होडी कुरकुरत सरळ झाली. तिघांच्या अंगावर पाणी उडालं होतं. होडीवाला अजून ओरडत होता आणि बायको एवढ्या मोठ्याने हसत होती की जवळची बदकं उडून गेली.